केसपेपरवर एक ओळ जास्तीची लिहा

राज्यातल्या डॉक्टर आणि वैद्य मंडळींना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर आणि वैद्य मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. बी. फार्म. झाल्यापासून याच काउंटरमागे उभी आहे. एमडींच्या, बीएएमएस डॉक्टरांच्या, जिल्ह्याच्या ठिकाणी बसणाऱ्या मोठ्या तज्ज्ञांच्या, सगळ्यांच्या चिठ्ठ्या माझ्या हातातून जातात. तुमच्यासमोर रुग्ण बसतो तेव्हा तुम्हाला तुमची चिठ्ठी आणि फार तर मागचे रिपोर्ट दिसतात. मला त्याची पिशवी दिसते. बीपीच्या गोळ्यांच्या पट्टीला खेटून गुळवेलीच्या रसाची बाटली, शुगरच्या गोळ्यांबरोबर जांभूळबियांचं चूर्ण, मुलीने पुण्याहून पाठवलेला मल्टिव्हिटॅमिनचा डबा, आणि तळाशी कागदात बांधलेली, नाव-गाव नसलेली एखादी पुडी. हे सगळं एकाच पोटात जातं.

म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे. तुमच्यासमोर येणारा माणूस तुमच्या औषधाशिवाय आणखी काय काय घेतो हे प्रत्येक वेळी विचारा, न रागावता विचारा, आणि तो जे सांगेल ते केसपेपरवर लिहून ठेवा. डॉक्टरांनी चूर्णाचं नाव लिहावं, वैद्यांनी गोळीचं.

विचारतो की आम्ही, असं तुमच्यापैकी बरेच जण म्हणतील. पण “दुसरं काही औषध चालू आहे का?” या प्रश्नाला आमच्याकडची माणसं सरळ मनाने “नाही” म्हणतात. काढा, चूर्ण, आसव, ताकदीच्या गोळ्या, केसांच्या गोळ्या, प्रोटीनची पावडर यांतलं काहीही त्यांच्या लेखी औषध नसतं. मी प्रश्न बदलला तेव्हा उत्तरं बदलली. “सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जेवणाखेरीज तोंडात काय काय जातं?” असं विचारलं की आधी हसतात, मग एकेक निघायला लागतं.

एका ताईंचं सांगते. थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ झाली, ७५ वरून १००. थायरॉइडच्या तपासणीतला टीएसएचचा आकडा काही उतरेना. पुढच्या खेपेला आणखी वाढणार म्हणून त्या रडकुंडीला आल्या होत्या. सकाळी काय घेता असं विचारल्यावर त्यांनी पर्समधून प्लास्टिकची डबी काढली. थायरॉइडची गोळी, हाडांच्या डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम, रक्तवाढीची लोहाची गोळी. विसरायला नको म्हणून तिन्ही एकदमच, उपाशीपोटी. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात पुरतं जाऊ देत नाहीत; मध्ये चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर आणि लोह दुपारी घ्यायला लागल्यावर डोस वाढवायची वेळ आली नाही. यात कुणी वाईट औषध दिलं नव्हतं. दोन डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी ठाऊक नव्हती, एवढंच.

केसांच्या गोळ्यांचंही असंच. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांत १० मिलिग्रॅम बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, असतं. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास. एवढं बायोटिन रक्तात असेल तर काही प्रकारच्या तपासण्याच चुकतात. थायरॉइड नॉर्मल असलेल्या बाईचा रिपोर्ट थायरॉइड वाढल्यासारखा येऊ शकतो. हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी दिसू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली तशी सावधगिरीची सूचना काढली होती. रिपोर्ट आणि रुग्ण जुळत नसतील तर लॅब बदलण्याआधी केसांच्या गोळीची चौकशी करा, ही माझी विनंती.

आता पुडीचं. आमच्या आळीतल्या एका आजींना गुडघेदुखीवर बाजाराच्या दिवशी एस.टी. स्टँडजवळ बसणाऱ्या माणसाकडून पुड्या मिळायच्या. पांढरट-पिवळी पूड, वर बॉलपेनने ‘सकाळ-संध्याकाळ मधातून’ एवढंच. गुण इतक्या झटपट आला की आजी पुन्हा मांडी घालून पोळ्या लाटायला बसल्या. भूक वाढली, चेहरा गोल झाला, घरच्यांना वाटलं तब्येत धरली. मग हातावर जरा कुठे लागलं की काळे-निळे डाग पडायला लागले, आणि इतकी वर्षं आवाक्यात असलेली शुगर अचानक चढली. डॉक्टरांनी शुगरची गोळी वाढवली. पुडीचा विषय निघालाच नाही, कारण आजींच्या मते ते ‘झाडपाल्याचं’ होतं. शुगरचं नेमकं कारण समजायच्या आत पुडीवाला यायचा बंद झाला, आणि चार-सहा दिवसांत आजींना उलट्या, चक्कर, बीपी खाली, असं सुरू होऊन ॲडमिट करावं लागलं. पुडीची तपासणी झाली नाही, तेव्हा तिच्यात स्टेरॉइड होतंच असं मी म्हणणार नाही. पण चित्र स्टेरॉइडचंच होतं. झाडपाल्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत डेक्सामेथासोनसारखी औषधं मिसळलेली प्रयोगशाळांना याआधी सापडलेली आहेत. असं औषध बरेच दिवस घेऊन एकदम तोडलं तर शरीराला स्वतःचं स्टेरॉइड लगेच तयार करता येत नाही, आणि जीव जाऊ शकतो.

वैद्यराज, तो माणूस वैद्य नव्हता हे मला कळतं, आणि अशांमुळे तुमचं शास्त्र बदनाम होतं याची चीड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असणार. त्याला वेगळं पाडायचा एक उपाय तुमच्याच हातात आहे. तुम्ही स्वतः देता त्या प्रत्येक पुडीवर औषधाचं नाव, घटक, तारीख आणि तुमचं नाव लिहा, मराठीत लिहा. काही जण लिहितात. अनेक जण लिहीत नाहीत, आणि मग नाव नसलेली पुडी घेण्यात लोकांना काही वावगंच वाटत नाही. कारखान्यात बनलेल्या औषधांना कायद्याने घटकांची यादी छापावी लागते. औषधांच्या नियमांत शेड्यूल ई-वन नावाची यादी आहे, तिच्यात बिब्बा, वत्सनाभ, धोतरा, पारा, हरताळ अशी तीव्र द्रव्यं आहेत; ती असलेल्या पोटातून घ्यायच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ असा इशारा लागतो. नियमाप्रमाणे तो इंग्रजीत आणि हिंदीत असतो. आमच्या आजी तो वाचू शकत नाहीत. तुम्ही मराठीत तोंडी सांगितलंत आणि वर लिहून दिलंत तर फार मोठं काम होईल. मला थायरॉक्सिनची एक पट्टी विकायला भिंतीवर परवाना टांगावा लागतो. आयुर्वेदिक औषधाच्या किरकोळ विक्रीला असा परवाना लागतच नाही, किराणा दुकानातही ते मिळतं. म्हणजे तुमच्या चिठ्ठीनंतर मध्ये विचारणारं कुणी नसतं.

“नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?” हे वाक्य मी रोज ऐकते, आणि दुर्दैवाने त्याला तुमच्यातले काही जण दुजोरा देतात. औषध झाडातून आलं की कारखान्यातून, यावरून ते किती चालेल आणि किती बाधेल हे कळत नाही. सर्पगंधेचंच बघा. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधा वापरून त्याचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. तीन वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, आणि ते जगभर रक्तदाबावरचं औषध म्हणून वापरलं गेलं. पुढे काही रुग्णांत उदासी आल्याच्या नोंदी झाल्या, मग मात्रा कमी केल्या गेल्या, आणि नंतर दुसरी औषधं आली तसा वापर उतरला. मुळी आपल्या मातीतली, अभ्यास मुंबईतला, गुण खरा आणि अपायही खरा. हे सगळं कळलं ते कुणीतरी नोंदी ठेवल्या म्हणून.

आणि हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हळदीवर आमचा बाजार उभा आहे, तेव्हा तिच्याविरुद्ध बोलायची मला हौस नाही. भाजीत-आमटीत रोज पडणाऱ्या हळदीची मला काळजी वाटत नाही. पण हळदीच्या भुकटीत करक्युमिन, म्हणजे हळदीतलं मुख्य द्रव्य, साधारण तीन टक्के असतं, आणि डबीतल्या कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम अर्क असतो, त्यातला ९५ टक्के करक्युमिनच्या जातीचा. म्हणजे एका कॅप्सूलमागे पंधरा ग्रॅमच्या आसपास हळद, चांगले चार-पाच चमचे. करक्युमिन एरवी अंगात फारसं शोषलं जात नाही, म्हणून त्यात मिऱ्यातलं पायपरिन घालतात. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली माणसांवर केलेल्या अभ्यासात पायपरिनमुळे रक्तात पोहोचणारं करक्युमिन वीसपट झालं होतं. अमेरिकेत यकृताच्या तज्ज्ञांनी हळदीच्या अशा पूरकांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची माहिती २०२२ साली छापली. त्यातला एक दगावला. लाखो लोक या कॅप्सूल घेतात आणि त्यांना काही होत नाही, हेही खरंच. पण कावीळ झालेल्या माणसाला “दारू पिता का?” विचारतो तसं “हळदीच्या कॅप्सूल घेता का?” हे विचारायला हवं की नको?

गुळवेलीच्या बाबतीत तर मला फार वाईट वाटतं, कारण तिच्यावर खरं काम झालं आहे आणि ते आपल्याच राज्यात झालं आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेद संशोधनाचं केंद्र उभं केलं. पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या, शस्त्रक्रियेची गरज असलेल्या रुग्णांना गुळवेल देऊन तिथे अभ्यास झाला. जंतुसंसर्ग आणि मृत्यू कमी झाल्याचं १९९३ साली प्रसिद्ध झालं. अभ्यास लहान होता, पण मोजून-मापून, तुलनेचा गट ठेवून केलेला होता. मग कोविड आला. दारावरच्या वेलीचा तुकडा उकळून घरोघर काढे सुरू झाले, किती प्यायचा आणि किती दिवस याला धरबंध नाही. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरात मुंबईतल्याच डॉक्टरांना गुळवेल घेणारे सहा जण यकृताला इजा झालेल्या अवस्थेत दिसले. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या जातीची गल्लत झाली असावी.

मी दोन्ही बाजूंचं वाचलं. माझ्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. गुळवेल शस्त्रक्रियेच्या रुग्णाला उपयोगी पडू शकते, आणि प्रतिकारशक्ती आधीच बिघडलेल्या माणसाला बाधूही शकते. हा वाद टीव्हीवर मिटणार नाही. तो मिटवायला लागणारी माहिती साधी आहे: वेल कुठली, ताजी की गोळी, किती, किती दिवस, बरोबर दुसरं काय, आधी यकृत कसं होतं. त्या वर्षी माझ्या दुकानातून गुळवेलीच्या बाटल्या खोक्यांनी गेल्या. घेणाऱ्यांच्या केसपेपरवर मात्र मला तिचं नाव कुठे दिसलं नाही.

मोजायचं ठरवलं तर आयुर्वेदाला मोजमापाचं भय वाटायचं कारण नाही. भगंदरावरच्या क्षारसूत्राची, म्हणजे क्षार लावलेल्या औषधी दोऱ्याची, शस्त्रक्रियेशी तुलना करणारी चाचणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक रुग्णालयांत घेतली, १९९१ साली ती छापून आली. क्षारसूत्राने जखम भरायला आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण दुखणं उलटण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के आणि शस्त्रक्रियेत ११ टक्के निघालं. असे आकडे हातात असले की मी गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगू शकते की वैद्यांकडे जा, वेळ लागेल पण बघा. आकडे नसलेल्या औषधाबद्दल तसं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

डॉक्टरसाहेब, आता थोडं तुमच्याशी. “ते आयुर्वेदिक-बियुर्वेदिक बंद करा आधी” असं तुम्ही म्हणता तेव्हा रुग्ण चूर्ण बंद करत नाही, तुम्हाला सांगायचं बंद करतो. मी हे रोज पाहते. दुसरं असं की ज्या कसोटीवर तुम्ही चूर्णाला नापास करता, त्याच कसोटीवर तुमच्या चिठ्ठीतला खालचा अर्धा भाग घासून बघा. लिव्हर टॉनिक म्हणून लिहिता त्या अनेक बाटल्या आयुर्वेदिक परवान्यावरच बनतात. तुमच्या सहीमुळे लोक त्यांना इंग्रजी औषध समजतात. आठ औषधांच्या चिठ्ठीत तीन ताकदीची असतात, आणि हातात पैसे कमी असले की माणूस बीपीची गोळी अर्ध्या महिन्याची घेतो पण टॉनिक सोडत नाही. ६०,००० युनिटची डी जीवनसत्त्वाची पुडी आठवड्याला एक, आठ आठवडे, असं तुमच्या मनात असतं. चिठ्ठीवर मुदत लिहिलेली नसली की लोक ती दोन-दोन वर्षं घेतात, कुणी रोज घेतो. रक्तात कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाचं दुखणं त्यातूनच होतं.

जिथे उणीव आहे तिथे हेच पूरक अस्सल औषध असतं, त्याबद्दल दुमत नाही. गरोदरपणाच्या आधीपासून आणि पहिल्या महिन्यांत फॉलिक ॲसिड घेतल्याने बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टळतात. वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांचं बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, पायाच्या मुंग्या नेहमी शुगरच्याच नसतात. असं कारण असेल तर तेही एका शब्दात चिठ्ठीवर लिहा, म्हणजे रुग्णाला काय सोडता येईल आणि काय नाही हे कळेल.

वैद्य मंडळींना हात जोडून एक गोष्ट सांगायची आहे. रुग्णाची चालू गोळी, त्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय, बंद करायला सांगू नका. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या पोराचं इन्सुलिन तोडलं तर काही दिवसांतच रक्तात आम्ल साचून ते अत्यवस्थ होतं. फिटची गोळी एकदम थांबवली तर एकामागून एक फिट येऊ शकतात. टीबीच्या गोळ्या अर्धवट टाकल्या तर पुढचा टीबी औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. आणि चालू गोळी माहीत असेल तर तुमचंही औषध चुकणार नाही. ज्येष्ठमध खोकल्याला उत्तम, पण जास्त दिवस, जास्त मात्रेत घेतलं तर अंगात पाणी धरतं, बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्याही पोटॅशियम उतरवतात. दोन्ही एकत्र आली की पायात गोळे येतात, आणि डिगॉक्सिनवर असलेल्या हृदयरुग्णाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. भस्म, म्हणजे धातू किंवा खनिज भाजून केलेलं औषध, देत असाल तर ते तुम्ही केसपेपरवर लिहिलंच पाहिजे. २००४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. नीट मारलेलं भस्म वेगळं, हा तुमचा मुद्दा मी समजू शकते. तरी पोटात कळा आणि रक्त कमी घेऊन आलेल्या रुग्णाच्या रक्तातलं शिसं तपासायचं डॉक्टरांना सुचावं, यासाठी त्यांना भस्माचं नाव दिसायला हवं.

आमच्यासारख्या तालुक्यात तर कितीदा एकच बीएएमएस डॉक्टर काढा आणि अँटिबायोटिक एकाच चिठ्ठीवर लिहितात. त्यांनी मनावर घेतलं तर निम्मं काम उद्याच होईल.

अपाय दिसला तर तो कळवायची सोयही आहे आणि ती धूळ खात पडली आहे. इंग्रजी औषधांसाठी फार्माकोव्हिजिलन्सची, म्हणजे औषधांच्या अपायांची नोंद ठेवणारी, यंत्रणा २०१० पासून आहे, १८००-१८०-३०२४ हा तिचा मोफत क्रमांक, ग्राहकांसाठीचा फॉर्म मराठीतही मिळतो. आयुर्वेदिक औषधांची वेगळी यंत्रणा दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे. अशी नोंद म्हणजे कुणावर तक्रार नव्हे. संशय असला तरी पुरतो, पुरावा लागत नाही.

माझ्या बाजूने मी एवढं करू शकते. पोस्टकार्डाएवढं एक कार्ड मी स्वखर्चाने छापून घेते. वरच्या भागात डॉक्टरांनी दिलेली औषधं, मधल्या भागात वैद्यांनी दिलेली, खालच्या भागात स्वतःच्या मनाने घेतलेलं सगळं. प्रत्येकासमोर मात्रा, वेळ, कधी सुरू केलं आणि कधीपर्यंत घ्यायचं. मागच्या बाजूला ॲलर्जी, मूत्रपिंड-यकृताचे शेवटचे रिपोर्ट, आणि डॉक्टर व वैद्य दोघांचेही फोन नंबर. कार्ड रुग्णाच्या पाकिटात राहील. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं मी आणि माझ्याकडचा मुलगा काउंटरवर भरून देऊ. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे आमचं काम ठरवलेलंच आहे.

कार्डाचा कच्चा नमुना दुकानात तयार आहे. छापण्याआधी तालुक्यातल्या डॉक्टरांच्या आणि वैद्यांच्या, दोन्ही संघटनांनी तो बघावा, कुठला रकाना कमी आहे आणि कुठला उगाच आहे ते लाल पेनने खुणा करून सांगावं. रविवारी दुपारनंतर दुकान बंद असतं, तेव्हा मी दवाखान्यात येऊनही दाखवू शकते. दुसऱ्या तालुक्यातल्या कुणाला हाच नमुना वापरायचा असेल तर खुशाल वापरावा.

आपली नम्र,
तालुक्यातली एक फार्मासिस्ट